एक गोळी, एक हरीण

१३ सप्टेंबर, शनिवार

आधी माफी. शेवटची नोंद फेब्रुवारीतली आहे, आणि तीही अर्धीच. कारण आळस नाही. रोज रात्री वाटायचं की आज लिहिण्यासारखं काही केलंच नाही, आणि वही भरायची म्हणून काहीतरी लिहिणं मला पटत नाही. आज लिहिण्यासारखं आहे.

ग्लेनिसकडे गेलो होतो. बारा वर्षं माझी बॉस. गेल्या वर्षी रिटायर होऊन शहरापासून तासाभरावर, ब्रेडवुडजवळच्या आपल्या जमिनीवर राहायला गेली आणि तिथे चेस्टनटची रोपं लावली. आज ऑफिसातल्या आम्हा सहा जणांना मॉर्निंग टीला बोलावलं होतं. रोपं दाखवली. निम्म्यांची साल सोललेली. हरणं येतात, सगळा कळप. या देशातली नव्हेतच ती, कोणीतरी दोनशे वर्षांपूर्वी हौसेने आणून सोडली आणि आता आवरत नाहीत. ग्लेनिसने डॅरिल नावाचा एक कंत्राटी शिकारी ठरवला होता. तो रात्री यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून येतो, अंधारात बघता येईल अशी दुर्बीण लावतो आणि रायफलने काम उरकतो.

मी म्हणालो की ही शिकार नव्हे, हे निकाल लावणं झालं. जनावराशी काही प्रामाणिकपणा हवा की नको? मला दिलंस हे काम तर दिवसाउजेडी, पायी, एक गोळी, एक हरीण. जखमी होऊन पळालेलं एकही नाही.

ग्लेनिसने विचारलं, तुला येतं? मी म्हणालो, लायसन्स आहे.

तिने तिथल्या तिथे डॅरिलला फोन करून नको म्हणून सांगितलं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडपर्यंत सगळं तुझ्यावर, म्हणाली.

परत येताना गाडीत जरा गप्प होतो. दडपण नव्हे. जबाबदारी.

१४ सप्टेंबर

मुद्दा असा. माझं लायसन्स शॉटगनचं. रायफलसाठी वेगळा वर्ग लागतो, तो माझ्याकडे नाही. माझी दुनळी मी मातीच्या तबकड्या उडवायला घेतली होती, क्लबमध्ये. तिच्या काडतुसात बारीक छर्रे असतात आणि छर्ऱ्यांनी हरीण मरत नाही, नुसतं हाल होऊन पळतं. म्हणून स्लग. छर्ऱ्यांच्या जागी अंगठ्याएवढी एकच शिशाची गोळी. नियम तीनदा वाचले. चालतं.

दिवसभर अभ्यास. एक्सेलमध्ये तक्ता केला: वजन, वेग, किती मीटरला किती खाली पडते. संध्याकाळी सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग स्लग मागवले. प्लास्टिकच्या वेष्टनातले. तक्त्यात सर्वांत वरच्या रांगेत तेच होते.

माझ्या मित्राला, विक्रांतला, फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लग्नाच्या वेळी इतका अभ्यास केला असतास तर यामिनी वाचली असती." मग विचारलं, रस्सा कधी. आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर त्याने जाहीरसुद्धा करून टाकलं. मी खुलासा टाकला की उद्देश मांस हा नाही. त्यावर अकरा जणांनी चमच्याचं चित्र पाठवलं.

२० सप्टेंबर, शनिवार

रेंजवर. मिश्र अनुभव.

पहिली गोळी: कागदाला लागली नाही. दुसरीही नाही. तिसरी लागली, पण भोक गोल नाही, लांबट. म्हणजे गोळी आडवी होऊन गेली. रेंजवरच्या म्हाताऱ्या साहेबांनी खोका हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, मेट, हे आतून आटे पाडलेल्या नळीसाठी आहेत. तुझी नळी गुळगुळीत आहे.

मला हे माहीत होतं. तक्त्यात त्याचा कॉलमच होता. प्रिंट एका पानावर बसावी म्हणून तो मी लपवला होता.

साध्या नळीचे स्वस्त स्लग तिथेच घेतले. पंचवीस मीटरवर वरच्या नळीची गोळी डावीकडे वर लागते, खालच्या नळीची उजवीकडे खाली. दोन्हींची सरासरी काढली तर बरोबर मध्यावर. हे उत्साहवर्धक आहे.

दस्ता खांद्याला फार जोरात बसतो. तबकड्यांच्या काडतुसाचं एक, हे भलतंच. म्हातारबाबा म्हणाले की तू चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतोस. मी त्यांना समजावलं की तो क्षणभर थांबून केलेला विचार आहे. ते नो वरीज म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे गेले.

२१ सप्टेंबर

खांदा निळा. यामिनीने आंबेहळद उगाळून लावली. लावताना म्हणाली, "हरणाला कळवलंयस का, की तुमच्यातर्फे आम्हीच लागून घेतोय?" हसलो नाही, कारण हसताना दुखतं.

शाल्मलीने दारातून बघितलं. दहावीत आहे. "डॅड, प्लीज डोन्ट टेल एनीवन ॲट स्कूल." मी तिला वीस मिनिटं समजावलं की मारणं आणि जबाबदारीने मारणं यात फरक असतो. तिने शेवटी विचारलं, "सो हॅव यू डन आयदर?"

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास सराव. बंदुकीशिवाय. मॉपचा दांडा घेऊन.

२३ सप्टेंबर

सराव झाला नाही. मॉप ओला होता.

२७ सप्टेंबर, शनिवार, रात्री

पहिली खरी मोहीम. माझ्या नियमाची कसोटी, आणि मी उतरलो.

नियम असा की चाळीस मीटरच्या पलीकडे गोळी झाडायची नाही. माझ्या बंदुकीला दुर्बीण नाही, नळीच्या टोकाला एक पितळी मणी आहे, तेवढाच. त्याच्यापलीकडे खात्री देता येत नाही. हे मी ग्लेनिसलाही ईमेलने कळवलं होतं, कारणांसह.

चारच्या सुमाराला बांधाच्या आड बसलो. पाचला कळप आला. पुढची मादी अगदी आडवी उभी राहिली, जशी चित्रात असते. अंतर मोजायचं लेझर यंत्र लावलं. एकेचाळीस मीटर.

मी बंदूक खाली ठेवली. कोणी बघत नव्हतं. मुद्दा तोच तर आहे.

ती नंतर चार पावलं पुढे आली, हे खरं. पण तेव्हा मी यंत्र पाऊचमध्ये ठेवत होतो आणि त्याचं वेल्क्रो उघडताना आवाज होतो. बंद करतानाही होतो.

अंधार पडल्यावर परत आलो तर ग्लेनिस व्हरांड्यात उभी होती. म्हणाली, सगळी होती ना तिथे? मी एकेचाळीसचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग टॉर्च घेऊन रोपं बघायला गेली. मीही मागे गेलो. खालच्या बाजूची एक अख्खी रांग गेली होती. ती एकेका रोपाशी वाकून हात लावून बघत होती आणि मी टॉर्च धरली होती. मी म्हणालो, तत्त्वाची किंमत असते. ती म्हणाली, "येस, लव्ह. आय कॅन सी इट."

१ ऑक्टोबर, बुधवार

आज रजा घेतली होती, हरणांसाठी. रजा मंजूर झाल्यावर कॅलेंडर बघितलं तर खंडेनवमी. शस्त्रपूजा.

यामिनी म्हणाली की इतकी वर्षं लॅपटॉपला हळदकुंकू लावतोयस, यंदा घरात खरं शस्त्र आहे तर त्याची कर. मलाही पटलं. पण आमच्या घरचा नियम आहे की शस्त्र एकदा पूजेला मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, वापरायचं तर नाहीच. आणि कायदा म्हणतो की बंदूक तिजोरीबाहेर असेल तर ती तुमच्या नजरेसमोर हवी. धर्म आणि कायदा दोन्ही पाळायचे तर एकच मार्ग. गॅरेजमध्ये तिजोरीसमोर पाट मांडला, बंदूक ठेवली, झेंडू, अक्षता, धूप, आणि समोर कॅम्पिंगची खुर्ची टाकून बसलो. दिवसभर. संध्याकाळी बंदूक पाटासकट उचलून तिजोरीत ठेवायची, म्हणजे हलली असं होणार नाही. आमच्या गुंगालिनचा ऑक्टोबर म्हणजे अजून थंडी, दोन स्वेटर घातले. जेवण यामिनीने गॅरेजात आणून दिलं आणि म्हणाली, "देवाला दाखवून झालंय, आता तू खा."

साडेतीनला ग्लेनिसचा फोन. हळू आवाजात. सगळा कळप भर दुपारी रोपांत, घरापासून वीस मीटरवर. कुठे आहेस? कमऑन.

मी म्हणालो की मी बंदुकीसमोरच बसलोय. पण आज तिचा सण आहे, तिला हात लावता येत नाही. उद्या चालेल.

 फोनमध्ये मागे कसलातरी टाळ्या वाजवल्यासारखा आवाज येत होता. ती हरणांना हाकलत होती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

तिला आपल्या परंपरेबद्दल सविस्तर ईमेल लिहिला. पाठवला नाही. दोन पानं झाली होती.

२ ऑक्टोबर, दसरा

ऑफिसातून लवकर निघालो. सीमोल्लंघन शब्दशः झालं, ब्रेडवुड म्हणजे राज्य बदलतं. शुभ वाटलं.

बांधाआड बसलो. कळप आला. मी तयार. साठ मीटरवर सगळ्या माना एकदम वर झाल्या, सगळी नाकं माझ्याकडे. एकीने पाय आपटला आणि गेली सगळी.

बंदुकीचा वास घेतला. धूप, झेंडू, कापूर. जॅकेटलाही आंबेहळद. वारा माझ्या पाठीकडून होता. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही कोणाच्या घरी पूजा आहे असं वाटलं असतं.

चूक वाऱ्याची.

घरी विक्रांत सोनं द्यायला आला होता. आपट्याची पानं इथे कुठली, पिवळ्या कागदाची कापून आणतो. कागद हातात देताना म्हणाला, "शिकारी महाराज, रश्श्याचं वाटण फ्रीझरमध्ये टाकू का?" मी म्हणालो, रविवारपर्यंत थांब.

५ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं आज एक तास पुढे गेली. हरणांना कोणी कळवलेलं नाही, म्हणून मी जुन्याच वेळेने गेलो. सगळा विचार केला होता. कपडे तीन वेळा बिनवासाच्या साबणाने धुतले, यामिनीला स्वयंपाक करू दिला नाही. वारा समोरून. ग्लेनिस खरेदीला गावात.

नर आला. एकटा. अठ्ठावीस मीटर. आडवा. गोळी मागे कुठे जाईल हेही बघितलं. मागे हिरवी टेकडी, निर्धोक. श्वास सोडला. मनात म्हटलं, ग्लेनिस, तुझ्या झाडांसाठी. चाप ओढला.

डोळे उघडले तेव्हा नर चालत होता. पळत नव्हता, चालत होता.

टेकडी होतीच मागे. टेकडीच्या अलीकडे पाण्याची टाकी होती. हिरवी टाकी, हिरव्या टेकडीसमोर.

अंगठा जाईल एवढं भोक आणि त्यातून धार. माझ्या शिस्तीप्रमाणे मी आधी बंदूक रिकामी केली, गाडीत ठेवून कुलूप लावलं, काडतुसं वेगळी ठेवली. मग धावलो. तळवा दाबून धरला की धार थांबते. काढला की सुरू. फोन गाडीत.

तसाच उभा राहिलो. भिंतीला हात लावून, लपाछपीत राज्य आल्यासारखा.

थोड्या वेळाने कळप आला. सगळा. नरासकट. त्यांना आता माझ्यात काही भिण्यासारखं दिसलं नसावं. माझ्यापासून दहा पावलांवर वरची रांग सुरू होते. उरलेली, चांगली रांग. एकेक रोप, सावकाश, खालून वर साल सोलत. मी ओरडलो. त्यांनी बघितलं. मराठीत ओरडलो. एक मादी खात खात आणखी जवळ आली. हात सोडला तर पाणी जातं, नाही सोडला तर झाडं. यावर मी बराच विचार केला, आणि विचार होईपर्यंत रांग संपली.

ग्लेनिसची गाडी आली तेव्हा मी पोटरीपर्यंत ओला होतो. तिने टाकी बघितली, मला बघितलं, झाडांकडे बघितलं. सामानाच्या पिशव्या जमिनीवर ठेवल्या. आत जाऊन बुचासारखं लाकूड आणि हातोडा घेऊन आली, माझा हात बाजूला केला आणि भोकात लाकूड ठोकलं. मग डॅरिलला फोन लावला. माझ्यासमोरच.

मी म्हणालो, टाकी मी दुरुस्त करून देईन. ती म्हणाली, घरी जा, कपडे बदल.

६ ऑक्टोबर, सोमवार

डॅरिल काल रात्रीच येऊन गेला. टाकीखाली झालेल्या चिखलात हरणं पाणी प्यायला आली होती. त्याला गाडीतून उतरावंही लागलं नाही. एक गोळी, एक हरीण. जखमी होऊन पळालेलं एकही नाही.

हे ग्लेनिसने फोनवर सांगितलं. रागावलेली नव्हती. मांस हवं असेल तर ने म्हणाली. मी नको म्हणालो. विक्रांतला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

मी विचारलं, झाडं किती राहिली? म्हणाली, ओळीने मोजण्यासारखी नाहीत.

मग म्हणाली, बारा वर्षांत तू मला कुठल्याही कामाची तारीख दिलीस की मी पुन्हा विचारायचे नाही. इतरांना विचारायचे. तुला नाही. म्हणून डॅरिलला नको म्हटलं.

मी यावर काहीतरी बोलणार होतो. वाऱ्याचं, सणाचं, टाकीच्या रंगाचं. सगळं तयार होतं. बोललो नाही.

नवी रोपं शुक्रवारी येतायत. खड्डे कोण खणणार, मी विचारलं. ती म्हणाली, तुझ्याकडे फावडं आहे का?

नाही.

उद्या: फावडं आणणे.