आखाजीची नावं

तीर्थरूप आबा,

जिनिव्हाहून कामिनीचा नमस्कार. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून फोटो पाठवतेय. मी बरी आहे, इथे भातही मिळतो. केळीला पाणी पुरतंय ना?

फवारणीच्या विषांवर देशादेशांचा करार ठरतोय. साहेब लोक पुढे बसतात. फवारणाऱ्यांच्या वतीने आलेले आम्ही भिंतीकडे, आणि वेळ उरला तरच बोलायचं.

काल आखाजी, इथल्या कुणाला अक्षय्य तृतीया ठाऊक नाही. इथे पितरांची घागर कुठून भरणार? समोरच्या ग्लासात पाणी ओतलं. अगदी शेवटी पाळी आली, तेव्हा फवारताना गेलेल्या आपल्या गावच्या माणसांची नावं, घागरीवर घेतो तशी, एकेक घेऊ लागले. तिसऱ्याच नावाला अध्यक्षांनी माईक बंद केला.

मी थांबले. हेडफोनमधली दुभाषी बाई मात्र थांबली नाही. मला माहीत नसलेलीही नावं ती घेत राहिली, अगदी आपल्याकडच्या हेलात. वळून पाहिलं तर दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत अंधार होता, आत कुणीच नव्हतं.

घागरीवर जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तिने शेवटचं नाव आपल्या नवीनभाऊचं घेतलं.

भाऊ अजून तोंडाला नुसता रुमाल बांधूनच फवारतो का? सकाळपासून त्याचा फोन नुसता वाजतोय. आईला हे वाचून दाखवू नका. आधी शेतात जा आणि त्याच्या पाठीवरचा पंप उतरवा.

तुमची,
कामिनी