दोन इंच आत

१२ मार्च

प्रिय भावजी,

नमस्कार. पार्सल परवा पोचलं. तीन पँट, बेकरीतल्या बिस्किटांचा डबा आणि वर तुमची चिठ्ठी, तीही पिठाच्या बिलाच्या पाठीमागे. चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलीत, पण कोरा कागद विकत घ्यायचा नाही हा बाणा कायम आहे, हे बघून बरं वाटलं. दोन बिस्किटं खाल्ली. बाकीचा डबा खालच्या मजल्यावर देऊन टाकला, नाहीतर तिसऱ्याला आणि चौथ्याला अडवणारं घरात आता कोण आहे?

मी बरी आहे. एकोणसत्तर पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, पण सांगितलेलं ऐकतात. शिवणाचं काम निम्म्यावर आणलंय, नवीन कपडे घेत नाही, फक्त उसवायचं आणि मापात बसवायचं. लेक दर रविवारी फोन करून मी काय काय खाल्लं ते विचारते. लहानपणी मी तिची अशीच उलटतपासणी घ्यायची, त्याची फेड चालू आहे.

तुम्ही दादांचा आहाराचा तक्ता मागितलात. तक्ता कसला, स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला कागद आहे, तोच उतरवून देते. सकाळी पाणी पिऊन तासभर चालणं. अर्धं ताट भाज्यांचं, पाव डाळी-कडधान्यांचं, उरलेल्या पावात काय ते धान्य. साखर बंद, मीठ बेताचं. दुपारी एखादं फळ आणि मूठभर अक्रोड, मूठ आपली, तुमची नव्हे. संध्याकाळी साडेसातच्या आत जेवायचं आणि मग स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. झोपताना वहीत तीन ओळी लिहायच्या: आज काय बरं वाटलं, काय खुपलं, काय सोडून दिलं. हे वहीचं आमच्या चालण्याच्या गटातल्या समुपदेशक मुलीनं शिकवलं. ती म्हणते, पोटात काय जातं त्याइतकंच मनात काय साठतं त्यानंही माणूस लवकर म्हातारा होतो. पहिल्या दोन ओळी मी रोज भरते. तिसरीच्या जागी सात महिने नुसती रेघ मारतेय.

पँट आठवड्याभरात करून पाठवते. काळजी घ्या.

१३ मार्च

कालचं पत्र पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवलं नाही. आज पुढे लिहिते.

सकाळी तुमची राखाडी पँट घेऊन मशीनवर बसले. कंबरपट्टी उसवली, खडूनं दोन इंचांवर खूण केली, टाचण्या लावल्या. मग चहा केला. परत येऊन टाचण्या काढल्या. जेवण झाल्यावर पुन्हा लावल्या. पन्नास वर्षांत एका पँटीला इतका वेळ लागलेला नाही. शिकाऊ असताना माझ्या उस्तादांनी मला याहून कमी वेळात हाकलून दिलं असतं.

काय होतंय ते मलाच नीट कळत नाही, म्हणून तुमची चिठ्ठी समोर ठेवून पुन्हा वाचली. तुम्ही लिहिलंय: "वहिनी, ढोल्या आता ढोल्या राहिला नाही. तक्ता मिळण्याआधीच कंबर दोन इंच उतरली. गोड सोडलेलं नाही बरं का, बेकरीत राहून कोण सोडेल. पाणी मात्र भरपूर पितो, आपोआपच सवय लागली, रात्री तीनदा उठावं लागतं एवढंच. दादाचा तो फोटो काउंटरवर लावलाय. जायचं तर त्याच्यासारखं, ठणठणीत जावं."

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वाचून आधी मला तुमचा राग आला. मग कळलं की राग तुमचा नाही. मग कुणाचा, तेही धड कळेना. म्हणून भांडी घासली.

तो फोटो कुठला, तुम्हाला माहीत नसेल. मागच्या जूनमध्ये गटानं मला भाषण करायला लावलं होतं, विषय "सत्तरीतली तब्येत". मला भाषण कुठलं येतंय, मी आपली यांची जुनी पँट घेऊन गेले. चाळीस कंबर. ती सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी ताणून धरली आणि म्हटलं, हे आमचे हे, गेल्या वर्षीचे. आता हे बघा या वर्षीचे. मग हे खुर्चीवरून उठले आणि एक गिरकी घेऊन दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समुपदेशक मुलीनं फोटो काढला. फोटोत मी यांच्याकडे बघतेय, बक्षीस मिळाल्यासारखी.

घरी येताना हे दोनदा बाकावर बसले. मी म्हटलं, एका गिरकीत दमलात? तर म्हणाले, "सवय नाही ना टाळ्यांची."

आज इथेच थांबते.

१५ मार्च

काल लिहिलं नाही. तुम्हाला फोन लावला होता, तुम्ही उचललात, मागे भट्टीचा आवाज होता. मी विचारलं, पँटीची लांबी तीच ठेवू ना? तुम्ही म्हणालात, "वहिनी, कंबर उतरली म्हणून माणूस उंच होतो होय?" मी हसले आणि ठेवून दिला. लांबीसाठी फोन केला नव्हता.

भावजी, तुमचे दादा ठणठणीत गेले नाहीत.

मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की हार्टनं गेले, सोमवारी त्रास झाला आणि बुधवारी संपलं. वारांपुरतं ते खरं आहे. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली होती. पण मंगळवारी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. दुखणं मुळात पोटात होतं, स्वादुपिंडात, आणि तिथून पसरलेलं होतं. कर्करोग. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा महिने तरी असणार. मग त्यांनी विचारलं, "वजन उतरत होतं ते तुमच्या लक्षात आलं नाही का?"

माझ्या? भावजी, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची कंबर मी अर्ध्या इंचाच्या फरकानं सांगते. दर रविवारी आंघोळ झाल्यावर यांना उभं करून टेप लावायची, आकडा दारामागच्या कागदावर लिहायची. माझ्याइतकं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि दर वेळी मी म्हणायची, शाबास.

चाळिसाची अडतीस झाली तेव्हा कमाई आमचीच होती, निदान मला अजून तसं वाटतं. साखर सोडली होती, चालत होतो, मीही तेव्हा दोन इंच उतरले होते. मग माझी कंबर थांबली, यांची थांबली नाही. छत्तीस. चौतीस. एकच स्वयंपाक, एकच ताट, मग माझं का थांबलं, हा प्रश्न मला पडला होता. पडला होता, भावजी. मी त्याचं उत्तर असं काढलं की बायका चिवट असतात आणि हे माझ्यापेक्षा मनापासून करतात.

मे महिन्यात हे एकदा म्हणाले होते, "तोंडाला चव नाही." मी म्हटलं, साखर सुटली की जीभ रुसतेच. पाठ दुखते म्हणाले, मी म्हटलं, चालताना वाकता, ताठ चाला. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी वळसासुद्धा घातला नाही, कळशाभोवती टेप गुंडाळून बसले.

अजून एक सांगायचं आहे. कपडा शिवताना शिवणीच्या आत आम्ही थोडं जास्तीचं कापड सोडतो, माणूस पुढे सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. कपडा आत घेतला तरी ती कापायची नसते, हा पहिला धडा. जूनमध्ये, त्या भाषणाच्या आदल्या दिवशी, यांची पँट चौथ्यांदा आत घेताना मागे कापडाचा नुसता गठ्ठा झाला होता. मी कात्री घेतली आणि सगळं कापून टाकलं. हे शेजारी बसले होते. म्हणाले, "अगं, राहू दे की थोडं." मी म्हटलं, आता लागतंय कशाला? तुम्ही काही परत सुटत नाही.

आणि मला वाटलं, मी यांचं कौतुक करतेय.

मी डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. या दुखण्यात लवकर कळूनही बऱ्याचदा फार काही करता येत नाही, कधीकधी येतं. या एका वाक्यावर मी सात महिने काढले. सकाळी त्याचा पहिला भाग धरते, दुपारी दुसरा. समुपदेशक मुलगी म्हणते, स्वतःवर माया करा, जे तुमच्या हातात नव्हतं ते सोडून द्या. पोरगी गुणी आहे, पण तिला मी कात्रीचं सांगितलेलं नाही. हातात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

तुम्हाला का सांगितलं नाही? तुम्ही आलात तेव्हा यांच्या पायाशी बसून म्हणालात, "वहिनी, तुम्ही माझ्या भावाला राजासारखं ठेवलंत." तिथेच ते राहिलं. मग एक दिवस गेला, मग आठवडा, मग खोटं घरचंच होऊन बसलं. लेकीलाही तेच सांगितलंय. तिला या रविवारी सांगेन.

आता पट्ट्याचं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना यांचा तपकिरी पट्टा सापडला. पट्ट्याला कारखान्यातली भोकं पाच. त्यांच्या पुढे आणखी चार आहेत, वेडीवाकडी, हातानं पाडलेली. माझ्याच टोच्यानं, टोकाशी चामड्याचा तपकिरी रंग अजून आहे. म्हणजे मी दर वेळी मापात पँट बसवायची, ती पुन्हा सैल व्हायची, आणि हे गुपचूप एक भोक पुढे सरकायचे. यांना कळलं होतं का? कळलं होतं तर बोलले का नाहीत? भीती वाटत होती, की मी त्या रविवारच्या आकड्यांवर इतकी खूश होते म्हणून गप्प बसले? कधी मला यांची दया येते, कधी इतका संताप येतो की पट्टा फेकून द्यावासा वाटतो. माणसानं बायकोला सांगू नये? आणि बायकोनं विचारू नये?

१६ मार्च

काल रात्रीचं आज सकाळी वाचलं. खाडाखोड करणार होते, केली नाही.

दारामागचा कागद मी काढलेला नाही. मी अजून तेच खाते, तशीच चालते, आणि माझी तब्येत खरंच सुधारली आहे, हे नाकारून कसं चालेल? कागद खोटा नव्हता. मग चूक कुठे झाली म्हणावं? फार झालं तर एवढं म्हणता येईल की मी आकडा बघत होते आणि माणूस बोलत होता. यापुढे माझं डोकं चालत नाही.

पण तुमच्या बाबतीत माझा अजिबात गोंधळ नाही. गोड न सोडता, काही न करता कंबर दोन इंच उतरते, तहान लागते, रात्री तीनदा उठावं लागतं, ही तब्येत सुधारल्याची लक्षणं नव्हेत. काय आहे ते मी शिंपीण कशाला सांगू, पुष्कळदा साधं आणि आवरता येण्यासारखं असतं म्हणतात. उद्या सकाळी काही न खाता जाऊन रक्त तपासा. भट्टी पेटली नाही तर एक दिवस लोक शिळा पाव खातील. डॉक्टरांना कंबरेचंही सांगा आणि दादांना काय झालं होतं तेही सांगा, त्यांना ते कळायला हवं. दोन दिवसांत तुमचा फोन आला नाही तर मी पहिल्या गाडीनं येईन आणि तुमच्या गिऱ्हाइकांसमोर कान धरून नेईन.

तिन्ही पँट परत पाठवतेय. राखाडी पँटीची कंबरपट्टी उसवली होती, ती होती तशी शिवली आहे, टाकाही हलवला नाही. रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. तक्ताही त्यानंतरच पाळायचा, डॉक्टरांना दाखवून.

पार्सलमध्ये तपकिरी पट्टा आहे. दादांचा आहे, तुमच्याकडे असावा. पँट घसरायला लागली तर लावा. पण एक अट आहे. त्याला नवीन भोक पाडायचं नाही. पाडावंसं वाटलं तर टोचा खाली ठेवायचा आणि आधी मला फोन करायचा.

रागवा, पण तपासून आल्यावर रागवा.

तुम्ही ढोल्याच राहावं असं वाटणारी,
वहिनी