माझ्या मोबाईलची बांग

१८ फेब्रुवारी. चाँद दिसला.
ही वही सरफराजची, बारावीतली. पोरगा कुवेतला गेला, मागची पानं कोरी राहिली. माझ्याशिवाय कोणी वाचायचं नाही. मी चौथी शिकलेय, पण खोटं लिहीत नाही.
यंदा ठरवलंय. मोबाईल फक्त दीनासाठी, धर्माच्या कामाला. रील बंद. वाडीतल्या जुलेखाशी भांडण बंद. कुराणाचे तीस पारे, रोज एक, मोबाईलवर, मोठ्या अक्षरात.
आणि बांगेचं काम मी हातात घेतलंय. आमची वाडी खाडीच्या अलीकडे, मशीद पलीकडे. संध्याकाळी दर्यावरचा वारा सुटला की बांग इकडे पोचत नाही. म्हणून बांगेच्या वेळी मशिदीवर हिरवा दिवा लावतात. हव्वाबी चाची धक्क्यावर उभी राहून दिवा बघते, मग एकेकीचं नाव घेऊन ओरडते, मग आम्ही रोजा सोडतो. वय शहात्तर. डोळ्यात मोतीबिंदू. तिला दिवा दिसेपर्यंत आमचा जीव जायचा. माझ्या मोबाईलमध्ये ॲप आहे, अगदी मक्केसारखी बांग देतं. मी कोल्हापूरला बहिणीकडे होते तेव्हा सरफराजने फोनवर सांगून घालून घेतलं. आता चाचीने आराम करायचा.

१९ फेब्रुवारी. पहिला रोजा.
माझ्या अंगणात दहा बायका, मी अकरावी. चाची धक्क्याकडे निघाली, मी हाताला धरून बसवली. मोबाईल वाजला. काय गोड आवाज! चाची म्हणाली, गो, दिवो लागलो नाय अजून. म्हटलं, तुमचा दिवा लागेपर्यंत आमचं सरबत गरम होईल. सगळ्या हसल्या. तिच्या तोंडात खजूर मी माझ्या हाताने घातला. म्हातारीची सेवा झाली. सवाब मिळेल.

२१ फेब्रुवारी
मशिदीतून रोज्याच्या वेळांची कार्डं आली. मला म्हणाले, वाडीत वाटा. कागद आता कोण बघतो? तांदळाच्या डब्याखाली घातली. डबा हलत नाही.
रील एकच बघितली. तीसुद्धा हाजी लोकांची. तिच्या खाली आपोआप बिर्याणीची आली. मी लावली नव्हती. संपेपर्यंत बघावी लागली.

२४ फेब्रुवारी
सहावा रोजा, पारा दुसरा चालू. ॲपमध्ये जपाची तसबीह मोजायचं बटण आहे. आज ४११२ झाले. थोडे जास्त लागले असतील. अंगठ्याला वर सरकवायची सवय आहे, आकडा आपोआप वाढतो. नियत चांगली आहे.
इफ्तारच्या वेळी शेजारची ख्रिस्ती पिएदाद किनाऱ्यावरून आली. त्यांचाही उपवासाचा महिना चालू आहे, तिने टीव्हीवरच्या मालिका सोडल्यात. म्हणाली, मैमून, सूर्य अजून पाण्यार दिसता आणि तू भजी खातस? म्हटलं, बाई, तुमचं तुम्ही बघा. आमचं मिनिटावर असतं, ते तुला कळायचं नाही.

२६ फेब्रुवारी
चाचीचे आठ झाले. कणकवलीच्या डॉक्टरने रोजे नको म्हटलंय, शुगर आहे. ऐकत नाही. म्हणते, यंदा तीस पुरे करूचे आसत, फुडला कोणी बघला? रोज मोबाईल वाजला की माझ्याकडे तोंड करते. मी खजूर देते. आता दिव्याचं नावसुद्धा काढत नाही. समजावून सांगितलं की माणूस सुधारतो.

१ मार्च, दुपार
तांदूळ संपला म्हणून डबा उचलला. खालचं कार्ड दिसलं. आजची इफ्तार ६.४५. मोबाईल म्हणतो ६.४१. कार्ड चुकलंय. छापणारे काय वाटेल ते छापतात.

तीन वाजता
ॲप उघडलं. सगळ्यात वर बारीक अक्षरात कोल्हापूर.
लोकेशन मीच बंद केलं होतं. सरफराज कुवेतात बसून बघायचा आणि विचारायचा, अम्मी, बाजारात तीन तास काय करतेस? म्हणून बंद केलं. मोबाईल अजून बहिणीकडेच बसलाय. तिकडे सूर्य चार मिनिटं आधी बुडतो.
दहा रोजे. अकरा बायका.

चार वाजता
दिवसभर उपाशी राहिलेल्या बाईची चार मिनिटं कोण धरतं? मौलानांना फोन केला. माझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, देवगडला एक बाई आहे, तिच्या हातून असं असं झालं. म्हणाले, सूर्य बुडायच्या आधी सोडला तर तो रोजा झाला नाही. ईदनंतर प्रत्येकाची कझा, म्हणजे तेवढे रोजे परत. आणि म्हणाले, त्या बाईला सांगा, बाकीच्यांना लवकर कळव, लपवू नको.
सांगते म्हटलं.

संध्याकाळ
लोकेशन चालू केलं. बांग ६.४५ ला झाली. जुलेखा लगेच म्हणाली, काल एकेचाळीस, आज एकदम चार मिनटां वाढली कशी गो? म्हटलं, दिवस मोठे होत चाललेत, तुला भूगोल येत नाही. आज खजूर चाचीला दिला नाही, तिने आपणच घेतला.

३ मार्च
उद्या सांगणार. नक्की.

४ मार्च
जुलेखाकडे पाहुणे. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

५ मार्च
माझंच डोकं दुखतंय. दिवसभर पडून राहिले. पडल्यापडल्या रील बघितल्या, डोकं दुखताना वाचता येत नाही.

६ मार्च
इफ्तारच्या आधी चाचीला चक्कर आली. अंगणातच खाली बसली. मी पदराने वारा घातला. म्हटलं, चाची, सोडा आजचा, अल्लाह माफ करतो. माझा हात बाजूला केला. बांग होईपर्यंत भिंतीला टेकून बसली. मग पाणी प्याली आणि हसून म्हणाली, सोळा झाले गो माझे.
सोळा नाहीत. सहा.
भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

७ मार्च, दुपार
आज वाडीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलायचं ठरवलं. तोंड बघावं लागत नाही. बटण दाबून धरलं आणि सगळं बोलले. कोल्हापूर, कार्डं, तांदळाचा डबा, देवगडची बाई. बोलता बोलता रडू आलं. इतक्यात दारात पिएदाद, कढीपत्ता आसा काय गो? दचकून बोट उचललं. मेसेज गेला!
डिलीटची दोन-तीन बटणं आली, जे पहिलं दिसलं ते दाबलं. मेसेज गायब. माझ्या डोळ्यांनी बघितलं, कुठे नाही. दोन मिनिटांत कोण ऐकणार? सगळ्या झोपल्या असतील.
बरंच झालं. अशी गोष्ट समोर बसून सांगायची असते. ईदनंतर सांगेन. रमजानमध्ये कोणाचं मन कशाला दुखवा.

९ मार्च
बायका सुधारल्या. मोबाईल वाजला तरी कोणी झडप घालत नाही. खजूर हातात धरून बसतात. चाची परत धक्क्यावर जाते, तिने हात वर केला की मग तोंडात टाकतात. दुआ लांब मागत असतील. मोठ्यांचा मानसुद्धा ठेवतात. आधी असं नव्हतं. माझ्या अंगणात शिस्त आली.

१४ मार्च
ग्रुपवर कोणी बोलत नाही. आधी दिवसाला पन्नास मेसेज. सगळ्या इबादतीत आहेत. जुलेखा भांडतसुद्धा नाही. मी टोमणा मारला तर म्हणाली, बरां.

२१ मार्च. ईद.
शिरखुर्म्याची वाटी घेऊन आधी चाचीकडे गेले. सांगायलाच. पायाशी बसले. म्हटलं, चाची, माझ्या हातून एक चूक झाली.
म्हणाली, खंयची, कोल्हापूरची?
माझ्या हातातली वाटी कलंडली.
म्हणाली, सगळ्यांनी आयकला गो. जुलेखान माका कानाक लावून तीनदा आयकवला. रडलंस ता पण.
म्हटलं, पण मी डिलीट केलं होतं! म्हणाली, तुझ्याकडसून गेला आसतला. आमच्याकडे आसा.
म्हटलं, मग दोन आठवडे बोलला का नाहीत? म्हणाली, आमी कित्या बोलूक व्हया? तुका तोंड नाय? रोज तुझ्या तोंडाकडे बघीत बसलंव, आज सांगतला, उद्या सांगतला. तू आपली भजी वाढतंस.
माफी मागितली. डोक्यावर हात ठेवला तिने. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. वाटी तिथेच विसरले, परत आणायला जायचा धीर झाला नाही.

२४ मार्च. कझा पहिला.
सगळ्यांनी आज एकदम धरला. पिएदादने सांगितलं. बायकांनी नवीन ग्रुप केलाय म्हणे, वेळ कळवायला. पिएदादला पण घेतलंय, ती किनाऱ्यावरून सूर्य बघून सांगते. मला नाही घेतलं.
सकाळी चाचीकडे गेले. म्हटलं, तुम्ही नका धरू, डॉक्टर नको म्हणतो, तुमचे दहा मी धरते. म्हणाली, माझा पोट, माझो रोजो. तू तुझे धर. एवढं बोलून दार लोटलं.
संध्याकाळी अंगण झाडलं. कोणी आलं नाही. मोबाईल बंद करून आत ठेवला. एक खजूर आणि पाणी घेऊन पायरीवर बसले. धक्क्यावरून चाचीची हाक ऐकू आली. जुलेखा, सोड गो! मग दुसरी, मग तिसरी. एकेक नाव घेत होती. नऊ झाली. दहावं नाव तिचं स्वतःचं, ते कशाला घेईल. संपलं वाटलं.
मग परत ओरडली. मैमून!
मी उठून उभी राहिले. म्हटलं, जी, चाची!
तू चार मिनटां थांब.
थांबले.