अकरा खुर्च्या आणि आत अडकलेले साहेब

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (माझी कंबर धरली आहे, त्यामुळे वाकता आलं तेवढाच, बाकीचा जमा धरा). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं, हायसं वाटलं. डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस धुळीपासून आणि वैतागापासून जपायला सांगितलंय म्हणे. धूळ तुम्ही झटकालच. वैतागाचंही तेवढं मनावर घ्या.

माझ्या वर्गातल्या खुर्च्यांचं ताईने तुम्हाला कळवलं, त्यावरचं तुमचं पत्र पोचलं. होती एकच ओळ, पण माझा सबंध दिवस नासला. ‘खुर्च्या मोजायला सुतार असतात, तू बीजगणित शिकव.’ मामा, तुम्ही चाळीस वर्षं गणित शिकवलंत, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं आजही झोपेतून उठवलं तर सूत्रं घडाघडा म्हणतात, सगळं मान्य. (मीही म्हणते. पण ती सूत्रं कशाशी खातात, हे मला स्वतः शिकवायला उभी राहिल्यावर कळलं. हे तुम्हाला आजवर सांगायची छाती झाली नव्हती.) म्हणून झालं ते सगळं लिहिते. तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, माझं ठरलंय.

आमच्या आठवीत फळ्यावर ‘क्ष’ काढला की पोरं अशी माना खाली घालतात, जणू मी घरातलं कोणी गेल्याचं सांगतेय. त्यांत एक मुलगी आहे, तिला सगळे कुजबुज म्हणतात, कारण ती हजेरीसुद्धा कुजबुजूनच देते. लागोपाठ तीन चाचण्यांत नापास. तिला म्हटलं, क्ष म्हणजे काय गं? तर म्हणाली, बाई, जे मला कधीच येणार नाही ते. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं आणि ठरवलं, जे काय शिकवायचं ते हाताने करून शिकवायचं. आधी मेणबत्ती जाळली. दर मिनिटाला उंची मोजायची आणि ती कधी संपेल ते आधीच सांगायचं. मुलांनी चाळीस मिनिटं हे उत्तर काढलं, ते बरोबरच यायचं, पण बाराव्या मिनिटाला आमच्या शिपायाने धूर बघून बादली ओतली. (मेणबत्तीवर थोडी, माझ्यावर बरीच.) मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून स्पष्ट सांगितलं की सोमवारी तपासनीस साहेब येताहेत, त्यांच्यासमोर हे थेर सिद्ध करून दाखवा, नाहीतर मंगळवारपासून फळा, खडू आणि पाठांतर. मी म्हटलं, दाखवते.

आता खुर्च्या. शाळेच्या अडगळीच्या खोलीत अकरा खुर्च्या ठेवायच्या होत्या. खोली नकाशांनी आणि मोडक्या बाकांनी भरलेली, मोकळी जागा तेवढी दारासमोरच. तेव्हा एकीवर एक चढवायच्या, पण खिडकी झाकता कामा नये, असा मोठ्या बाईंचा हुकूम. खिडकी सुरू होते एकशे साठ सेंटीमीटरवर. मुलांनी वर्गातल्या दोन खुर्च्या एकमेकींवर चढवून मोजलं. पहिलीची उंची ऐंशी, आणि पुढची प्रत्येक फक्त आठाने उंची वाढवते. समीकरण मांडलं, क्ष सुटला, उत्तर अकरा. बरोबर अकराच! वर्गात असा गलका झाला की शेजारचे भाषेचे सर भांडायला आले.

सोमवारी साहेब आले. देह भरभक्कम, चेहऱ्यावर पक्की शंका. म्हणाले, पाठ करून घेतलेलं मी शंभर पावलांवरून ओळखतो, खुर्च्या मी स्वतः रचणार. आत गेले. दार आत उघडणारं, ते उघडं असेपर्यंत खुर्च्यांना जागाच नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं. खडखडाट झाला आणि आतून आरोळी आली, वा! खिडकीला बरोब्बर टेकली! मोठ्या बाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या. (नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा.) आणि मग दार उघडेना. घोटाळा असा, की खुर्चीवर खुर्ची चढवली की ती नुसती वर जात नाही, थोडी पुढेही सरकते. आम्ही उंची मोजली, पुढे सरकणं कोणी मोजलंच नव्हतं. अकरावी खुर्ची दाराच्या तोंडाशी येऊन बसली होती.

मोठ्या बाईंचं हसू मावळलं. शिपाई पहार आणायला निघाला. साहेब आतून गरजले की त्यांची कंबर धरली आहे, हव्या त्यापेक्षा एकही खुर्ची जास्त उतरवणार नाही, तुमचं बीजगणित एवढं कामाचं आहे तर किती काढू ते सांगा!   तोवर कुजबुज टेप घेऊन वर्गाकडे पळाली. त्याच दोन खुर्च्या मोजून आली. एक खुर्ची पन्नास सेंटीमीटर जागा खाते, पुढची प्रत्येक चार सेंटीमीटर पुढे येते. दारासमोरच्या मोकळ्या जागेची लांबी आधीच मोजलेली होती, एकशे दहा. राहिलं एकच, साहेबांना बाहेर यायला किती फट लागेल. ते विचारायला कोणी धजेना. तर ही पोरगी दाराला तोंड लावून, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, साहेब, तुमचं पोट किती आहे?  आतून पस्तीस असं उत्तर आलं. थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, चाळीस. एव्हाना उत्तर माझ्याकडे तयार होतं, पण मुलांना संधी मिळावी म्हणून मी मूठ मिटून उभी राहिले.

कुजबुजने दारावरच खडूने समीकरण मांडलं आणि ओरडली, पाच काढा, सहा राहू द्या! आत पाच वेळा खडखड झालं. दार खुर्चीला घासत उघडलं आणि साहेब श्वास रोखून बाहेर आले. मामा, मला रडू आलं, अगदी सगळ्यांसमोर. साहेबांनी शेरा लिहिला, ‘मुलांना येतं. दार बाहेर उघडणारं बसवावं.’ तेव्हा मंगळवारपासून फळा नाही. उद्या आम्ही जिना मोजणार आहोत, आणि वर्षभर हेच करणार आहोत, तुम्ही रोज एक पत्र पाठवलंत तरी.

मामींना नमस्कार, घरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना पापे.

तुमची (पूर्वीइतकी आज्ञाधारक न राहिलेली)
भाची

ता. क. वर एक खोटं लिहिलंय, ते मनाला खातंय. माझ्या मिटलेल्या मुठीत पेनने ‘सहा काढा’ लिहिलेलं होतं. पहिली खुर्ची पुढे सरकत नाही, हे मी विसरले. मी आठवीत असताना हीच चूक केली म्हणून तुम्ही त्याच तळहातावर पट्टी मारली होती. चाळीस वर्षांचं तुमचं सगळं मान्य, मामा, पण पट्टीने चूक गेली नाही, फक्त हात लपवायची सवय लागली.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं. ती लाकडी पट्टी अजून तुमच्या कपाटात आहे, हे मामींनी सांगितलंय. ती पाठवून द्या. कुजबुजला हवी आहे, जिना मोजायला.