तिसऱ्यांदा विचारायचं

रॉसवार, कनेमारा
सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय कोलीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू, मोना आणि पोरी बऱ्या असाल असं धरून चालते. इकडे मी बरी, टॉम बरा, त्याचा गुडघा सोडून. शेजारच्या जिमीनं नवा बैल घेतलाय आणि आख्खा गाव तो बघायला जातोय, जसा काही जन्मात बैल बघितला नव्हता.

नऊ वर्षं तुला नाताळच्या कार्डाखेरीज काही पाठवलं नाही, आणि तीही कार्डं इंग्रजीत. आज आपल्या भाषेत, आयरिशमध्ये लिहिते आहे. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील. त्यांच्याखाली पूर्वीसारख्या लाल रेघा मारून पत्र परत पाठवलंस, तर मी डब्लिनला येऊन तुझ्या साहेबासमोर तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगीन. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आपलं भांडण होतं. शिवाय सध्या मला फोन या वस्तूचाच वीट आलाय, तो का, ते पुढं येईलच.

बाबा पडले ते मेसेजमध्ये कळवलं होतं. कोंबड्यांची बादली घेऊन निघाले, अंगणात शेवाळावरून पाय घसरला. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन म्हणाला, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची हाडं मी अशी बघितली नाहीत. मला वाटलं, सुटलो. चार आठवड्यांत घरी.

पण इस्पितळवाल्यांनी हाड सोडलं आणि डोकं धरलं. गेल्या मंगळवारी एक तरुण डॉक्टर स्मरणशक्तीची तपासणी करायला आला. दूरच्या देशातला आहे, पोरगा गुणी, बोलतो किती हळुवार. इंग्रजीत प्रश्न विचारले. आजचा वार कोणता, ऋतू कोणता, आपण कुठं आहोत, एका मिनिटात जेवढी आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. बाबांना तीसपैकी अकरा गुण मिळाले. ऋतू विचारला तर बाबा म्हणाले, ‘हिवाळा’. त्याच्या हिशेबात नोव्हेंबर म्हणजे शरद, तिथं गुण गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आपल्याकडं हिवाळा लागतो हे त्याला कोण सांगणार! प्राणी चार सांगितले. गाय, घोडा, कुत्रा, मेंढी, आणि मग ‘थँक्यू डॉक्टर’.

आता त्यांचं म्हणणं असं की हा माणूस घरी राहू शकत नाही. घरी पाठवायचं तर सकाळ-संध्याकाळ सरकारी मदतनीस बाई हवी, आणि अकरा गुणांना ती मिळत नाही. मग पूर्वेकडं चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे. तिथं आयरिशचा एक शब्द कुणाला येत नाही, मी चौकशी केली. १९ तारखेच्या बुधवारी बैठक आहे. त्या दिवशी ठरलं की ठरलं.

म्हणून गेला आठवडाभर मी तुमच्या आयरिश भाषेच्या सरकारी खात्याच्या कारभाराची चव घेते आहे. कोलीन, तुम्ही लोक तिथं बसून करता तरी काय? इस्पितळाच्या खिडकीवर तुमचा हिरवा गोल स्टिकर चिकटवलाय, ‘आयरिशमध्ये बोला, आनंदच आहे’. मी मुद्दाम बोलले. काचेपलीकडचा तो इसम असा घाबरला की मलाच वाईट वाटलं. म्हणाला, आयरिशवाली बाई फक्त बुधवारी येते. मग फोन केला. आयरिशसाठी एक दाबा. दाबला. चाळीस मिनिटं वीणेसारखं ते हार्प ऐकलं, अंडी उकडून झाली, कोंबड्यांना घालून झालं, टॉमनं दोनदा विचारलं की घरात कुणाचं लग्न आहे का. शेवटी एक जण शाळेतल्या आयरिशमध्ये ‘कृपया प्रतीक्षा करावी’ म्हणाला आणि त्यानं मला थेट इंग्रजी बोलणाऱ्या बाईकडं ढकललं! दहा कामाच्या दिवसांत उलट फोन येईल म्हणे. दहा दिवसांनी बैठक होऊन बाबा चाळीस मैलांवर गेलेले असतील.

आणि तुमचे ते आयरिश फॉर्म! कोणत्या टांकसाळीत पाडता हे शब्द? आमचं आयुष्य या भाषेत गेलं, भांडणं याच भाषेत केली, आईला मातीसुद्धा याच भाषेत दिली, आणि ‘लाभार्थ्याची प्राधान्यक्रमित संप्रेषण-निवड’ वाचून मला घाम फुटतो. जिमी म्हणतो, ‘आयरिश कळावी म्हणून मी इंग्रजी फॉर्म घेतो.’ हसू नकोस. हसण्यासारखं आहे, पण हसू नकोस.

इस्पितळात दाखल करतानाचा फॉर्म मीच भरला होता. ते असो.

आता खरी गोष्ट ऐक. गुरुवारी दुपारी मी वॉर्डात गेले, तर पडद्याआडून बाबांचा आवाज. गेले तीन आठवडे ते जेमतेम हो-नाही बोलत होते. आणि तिथं चहाच्या गाडीवरची पेग, पलीकडच्या खाडीवरची, कपबशी हातात धरून हसतेय.

‘चहा घेणार का, बार्टली पाद्रिग?’ तिनं विचारलं. गावातलं नाव, बापाचं जोडून. इस्पितळात त्यांना सगळे ‘बार्थोलोम्यू’ म्हणतात. ते नाव त्यांनी बाप्तिस्म्यानंतर ऐकलं नसेल.

‘नको ग पोरी, तुला कशाला त्रास.’

‘घ्या की, गरम आहे.’

‘नको नको, मला काही तहान नाही.’

‘मी ओतलासुद्धा. आता टाकून देऊ का?’

‘बरं, मग थोडा दे. दोन चमचे साखर.’

आणि चहा पिता पिता ते सुरू झाले. खाडीतल्या माशांची नावं. मी मोजली, सतरा. मग शैवालाचे प्रकार, कुठलं खायचं, कुठलं बटाट्याच्या शेतात घालायचं, कुठलं कोणत्या ओहोटीला कापायचं. मग पेगच्या आजीनं कोणत्या साली होड्यांच्या शर्यतीत कुणाच्या डोक्यात वल्हं घातलं होतं, तेही.

पेग मला बाहेर घेऊन आली. ‘अगं, या माणसाचं डोकं फिरलंय असं कोण म्हणतो? माझ्यापेक्षा शाबूत आहे. यांची तपासणी आयरिशमध्ये का नाही झाली? बुधवारी ती स्पिडल गावची बाई येते ना, ती करते. फॉर्मवर आयरिश लिहिलेलं असलं की आपोआप तिच्याकडं जातं.’ मग जरा थांबून, ‘तुम्ही लिहिलं नव्हतंत का?’

मी म्हटलं, गडबडीत राहिलं असेल.

टॉम जेवायला हाका मारतोय. उरलेलं उद्या.

मंगळवार, सकाळ

काल टॉम हाका मारत नव्हता. तो झोपला होता. मला पुढचं लिहवेना.

गडबडीत राहिलं नव्हतं, कोलीन. मला विचारलं होतं. त्या खिडकीवर त्या दिवशी एक मुलगी होती, विशीतली, नवीनच असावी. तिनं तुमच्या नियमाप्रमाणे विचारलं. मी न मागता, स्वतःहून. ‘वडिलांशी आयरिशमध्ये बोलायला हवं की इंग्रजीत?’ म्हणजे आठवडाभर ज्या खात्याला मी शिव्या घालते आहे, त्या खात्यानं आपलं काम चोख केलं होतं. आणि मी म्हटलं, ‘कोणतीही चालेल. तुम्हाला सोपं पडेल ते.’ तिनं इंग्रजीपुढं खूण केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी खाली कागदोपत्री नावानं सही केली. बार्बरा केन.

माझ्या मागं रांग होती. बाबा स्ट्रेचरवर कण्हत होते. पण कारण ते नव्हतं, आणि ते तुला माहीत आहे. मी आठ वर्षांची असताना आईबरोबर शहरातल्या पोस्टात गेले होते. आई आपल्या भाषेत बोलली, तर काउंटरवरचा माणूस तिला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘नीट बोला की बाई.’ तिनं मान खाली घातली आणि माझ्या पाठीत हळूच बोट टोचलं. मी पुढं होऊन इंग्रजीत बोलले. त्या दिवसापासून खिडकीपलीकडं माणूस दिसला की माझ्या तोंडून इंग्रजीच येते. मुलं झाली तेव्हाही मला त्यांची मान खाली गेलेली बघायची नव्हती. म्हणून इंग्रजी. टॉम मँचेस्टरचा आहे हे मी लोकांना देत आले ते निमित्त.

आईच्या मयतीनंतर भरल्या घरात, हातात सँडविचची बशी धरून, तू म्हणालास की मी माझ्या मुलांच्या तोंडातली भाषा काढून घेतली. मी म्हटलं, जा, डब्लिनमध्ये बसून स्टिकर चिकटव. तू गेलास. मी बशी उचलली आणि धुवायला गेले. तू बोललास ते खरं होतं. पण तू ज्या तऱ्हेनं बोललास, ती मला अजून माफ करता येत नाही. दोन्ही गोष्टी लिहून टाकते आणि मोकळी होते.

आता मुलांची भाषा घेऊन माझं भागलं नाही. बाबांचीही घेतली.

काल संध्याकाळी मी त्यांना विचारलं, ‘बाबा, तुम्ही त्या डॉक्टरला सांगितलं का नाही, की मला आयरिशमध्ये विचार?’

ते म्हणाले, ‘त्याला येत नव्हती ग. परका पोरगा, घरदार सोडून इतक्या लांब आलेला. त्याला कशाला ओशाळं करायचं?’

‘पण त्यानं विचारलं असेल ना, कोणत्या भाषेत?’

‘विचारलं की. मी म्हटलं, तुला सोपं पडेल ते.’

शब्दसुद्धा तेच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. किती वेळ, विचारू नकोस.

हे तुझ्या साहेबांना सांग. सांगच. तुमच्या खात्यात कुणी कधी पाहुण्याला चहा दिला नाही का? आपल्याकडं चहाला पहिल्यांदा कुणी हो म्हणतं का? पहिल्यांदा नको म्हणायचं ते यजमानाला त्रास नको म्हणून. दुसऱ्यांदा नको म्हणायचं ते आपण हावरे नाही म्हणून. तिसऱ्यांदा ओतून हातात द्यायचा असतो, मग माणूस दोन चमचे साखर मागतो. तुम्ही एकदा विचारता, ‘नको’ लिहून घेता, आणि वर्षाअखेर अहवालात छापता की लोकांना नकोच आहे! चहाची गाडी ढकलणाऱ्या पेगला जे कळतं, ते तुमच्या चार मजली इमारतीत एकालाही कळू नये? आणि मला स्वतःला कळू नये? जिला जन्मभर दुसऱ्यांच्या कपात चहा ओतायचा अनुभव आहे, तिला?

आज सकाळी तुमचा तो फॉर्म मी भरला. तीन तास लागले. अकरा शब्द कळले नाहीत. बाबांना अकरा गुण होते, तेवढेच. कळलं नाही तिथं आपण बोलतो तसं लिहिलं. ‘बदलाचे कारण’ या रकान्यात लिहिलं आहे, ‘मला विचारलं होतं. मी लाजेनं खोटं सांगितलं. माझ्या वडिलांची भाषा आयरिश आहे, दुसरी कोणतीही चालणार नाही.’ आत्ता बसनं जाऊन तो त्या खिडकीवर देते आहे. तो इसम कितीही घाबरला तरी आज मी इंग्रजीत एक शब्द बोलणार नाही.

स्पिडलची बाई उद्या वॉर्डात असेल. फॉर्म वेळेत तिच्यापर्यंत पोचला तर उद्याच, नाहीतर १९ तारखेला बैठकीच्या आधी ती बाबांना बघेल. हे सगळं ठरल्यासारखं होईलच असं नाही. म्हणून बैठकीला मला एकटीनं बसायचं नाही. मी पुन्हा ‘तुम्हाला सोपं पडेल ते’ म्हणेन अशी मला भीती वाटते. मला माझा भरवसा नाही, कोलीन. शेजारी असा माणूस हवा जो आईसारखं माझ्या पाठीत बोट टोचेल, पण उलट्या दिशेनं.

तू ये.

तू नाही म्हणशील. काम आहे म्हणशील, आणि नऊ वर्षं मध्ये आहेत. मग मी दुसऱ्यांदा म्हणते, ये. वरच्या खोलीत तुझा पलंग आहे, चादरी उन्हात वाळवून घातल्या आहेत, निदान जेवढं ऊन इथं मिळालं तेवढ्यात.

काल निघताना बाबांनी विचारलं, ‘कोलीन कधी येणार आहे?’ मी म्हटलं, त्याला सवड आहे का ते विचारते. ते म्हणाले, ‘विचारतेस काय? त्याच्यासाठी ताट वाढून ठेव.’

वाढून ठेवलं आहे.

तुझी थोरली बहीण,
बाबीन बार्टली पाद्रिग

(फॉर्मवरही आज हीच सही केली आहे.)