मूळपुरुष एबेल यांच्या दगडापाशी फुलं

३ फेब्रुवारी
संकल्प : ईस्टरच्या आत आमच्या घराण्याचे मूळपुरुष एबेल टॅपस्कॉट यांचा पुरता छडा लावायचा. चर्चच्या भिंतीशी त्यांच्या कबरीचा दगड सापडला. वर जहाजाचा नांगर कोरलाय. म्हणजे नौदलात कॅप्टन. किमान.
चर्चची व्यवस्था बघणाऱ्या लस्कमबाई म्हणाल्या, "अहो टॅपस्कॉट, असला नांगर इथे निम्म्या दगडांवर आहे. आमच्या पणजोबांच्यासुद्धा. ते पाव भाजायचे." बाईंची पोटदुखी.
वर विचारतात, एनिडच्या दगडावर काय कोरायचं? वादळात तिच्या कबरीवरची लाकडी खूणही उडाली म्हणे. म्हटलं, आधी एबेल. घराणं कळल्याशिवाय बायकोच्या दगडावर काय लिहू?

९ फेब्रुवारी
दगड घासायला गेलो. समोरची जमीन इतकी उंचसखल की बादली कलंडते. बूट आपटून आपटून सपाट केली. सगळं आपणच बघायचं!
दगडापाशी बरणीत ताजी पांढरी फुलं. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला? अंगावर काटा आला. भूतबित मी मानत नाही. तरी मागे वळून पाहिलं. दोनदा.

१७ फेब्रुवारी
पुन्हा फुलं. उलगडा झाला : घराण्याची दुसरी शाखा. श्रीमंत असणार. चोरून येतात, म्हणजे इस्टेटीची भानगड.
आमच्या जिलियनचा फोन. आईला भेटायला कधी जाणार, विचारते. म्हटलं, सप्टेंबरात पुरलं तेव्हा होतो की हजर. (डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. नीट दिसलं नाही.) पोरीने फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना इतिहासाची कदर नाही.

२ मार्च
लस्कमबाई म्हणतात, गवत कापायला सोपं जावं म्हणून पन्नास वर्षांपूर्वी जुने दगड उपटून भिंतीला टेकवले. कोण कुठे पुरलाय, नोंद नाही. "तिथे एबेल नाहीच हो." मग तिथे कोण आहे? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. माहीत नसणार.
घरी आलो तर स्वयंपाकघरात प्लमच्या जॅमचा वास. एनिड गेल्यापासून या घरात कुणी जॅम केलेला नाही. खिडक्या उघडल्या. वास गेला नाही. जेवलो नाही.

१४ मार्च, सकाळी ७
पाळत. आज आईचा रविवार, पोरी आयांना फुलं देण्यात गुंग. आपल्याला मैदान मोकळं. आमिष म्हणून बादली दगडापुढे ठेवली. मी थर्मास घेऊन झाडामागे.

दुपारी
आली ती जिलियन! हातात पिवळी फुलं. ऊर भरून आला. शेवटी पोरीला एबेलची किंमत कळली! पुढे होऊन पाठ थोपटली.
ती रडायलाच लागली. "आलात एकदाचे, बाबा!" मग डोळे पुसत म्हणाली, "ती बादली उचला ना. आईच्या अंगावर आहे."
उचलली.
बरणी फिरवून पाहिली. मागे चिठ्ठी : प्लम, साखर कमी. एनिडचं अक्षर. साखर कमी माझ्यासाठी.

१५ मार्च
लस्कमबाईंना मजकूर दिला. एनिड टॅपस्कॉट, दोन तारखा. नांगर नको. खाली माझ्यापुरती जागा सोडा म्हटलं. "आणि एबेल?" असतील इथेच कुठेतरी.
बुटांनी दाबलेली माती हातांनी मोकळी केली. गुडघे गेले. एनिडची माफी मागितली. एबेलसमोर मागावी लागली, इलाज नव्हता.