कमी पडणारा चेंडू

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अप्पांच्या पाकिटात तू माझ्यासाठी म्हणून जे पानभर लिहून धाडलंस, त्याप्रमाणे महिनाभर वागले आणि रविवारी तोंडावर आपटले. गोल्फ क्लबच्या बायकांच्या संघात चार जागा. तिघी ठरल्या. चौथीसाठी मी आणि दंतवैद्यीणबाई अशा दोघी उरलो, आणि पहिल्या फेरीत तिने मला धुऊन काढलं. लांबचे फटके माझे चांगले होते. घात झाला तो ग्रीनवर, जिथे चेंडू नुसता लोळवत भोकाशी न्यायचा तिथे. तू लिहिलंस की हात आखडता घेऊ नकोस, पटरची काठी चेंडूपाशी अडवू नकोस, भोक आहे त्याच्या दोन हात पलीकडे आहे असं समजून मार. मी तसं समजले. एक चेंडू तर भोकावरून उडी मारून ग्रीन उतरून थेट वाळूत जाऊन बसला. बाई अरेरे म्हणाल्या. दाढ उपटल्यावर म्हणत असतील त्याच सुरात.

आधी मी मलाच दोष दिला. तुझं सांगणं नीट पाळलं नसेल, घाई केली असेल. मग हॉलमधल्या गालिच्यावर मारून मारून पाहिलं. अरे, माझा चेंडू कमी पडतच नाही. तो नेहमी पुढेच पळतो. मग कमी पडण्यावरचं औषध मला का? मी औषधांच्या दुकानात उभी असते. काय होतंय हे न विचारता कुणाच्या हातात बाटली दिली तर लोक मला दुकानातून ओढून काढतील. तू पोटासाठी हाच खेळ शिकवतोस, आणि बहिणीला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही?

अप्पांचं तर बोलायलाच नको. क्लबच्या बाकावर बसून येईल त्याला सांगत होते की माझ्या पोरीच्या हाताला अंदाजच नाही, थोरल्यानेही तेच लिहिलंय. तू असं लिहिलंस? माझ्याबद्दल? जागेचा निकाल लावणारी दुसरी फेरी महिनाअखेरीला आहे. तीत हरले तर संपलं. उत्तर लगेच धाड आणि सारवासारव करू नकोस.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय.
तुझी,
बारकी


१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मीही तापलो. तुझ्या पटिंगबद्दल तू मला कधी एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिलं ते अप्पांनी. बारकीला संघात जायचंय, पण तिचे चेंडू सगळे अलीकडे थांबतात. पटर मागे झोकात जातो आणि चेंडूपाशी येऊन हात थिजतो, असं. इतकं बारीक वर्णन माझे विद्यार्थीही करत नाहीत. मला तर बरं वाटलं होतं, की अप्पा एकदाचे तुझ्याकडे नीट बघायला लागले.

आता तुझं पत्र शेजारी ठेवून तेच पुन्हा वाचलं. बाहेरून बघणाऱ्याला असं लिहिता येत नाही गं. हात थिजणं हे ज्याचा हात असतो त्यालाच कळतं. बाकी तू समजलीस.

तुझ्यासाठी आता खरं सांगतो. भोक विसर. ग्रीनच्या या काठावरून त्या काठापर्यंत चेंडू लोळव, तो काठाशी थांबला पाहिजे. मारलास की मान वर करायच्या आधी मनाशी ठरव, कमी पडला की जास्त झाला, मगच बघ. ताकद हातातून काढू नकोस. पटर मागे किती न्यायचा तेवढंच बदल, लय तीच ठेव. तुझी चूक एवढीच असणार, की मागे थोडा नेतेस आणि मग ढकलतेस.

एक विनंती. अप्पांना काही बोलू नकोस. वय झालंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
दादा


२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जागा मिळाली. तुझं या खेपेचं सांगणं माझ्यासाठी होतं, म्हणून लागू पडलं. शेवटच्या ग्रीनवर आम्ही दोघी बरोबरीत होतो आणि माझा फटका उताराचा, लांबच लांब. अप्पा बाकावरून खाकरत होते. चेंडू अलीकडे राहिला तर ते भित्रेपणा म्हणतात, ठाऊक आहे ना? मी लय सोडली नाही. चेंडू भोकाच्या वीतभर अलीकडे थांबला, तो मी अलगद आत टाकला. बाईंचा भोकावरून पुढे गेला आणि परत येताना चुकला.

आता तुझी विनंती. ती मी मोडली. हात मिळवून झाले, आणि अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. म्हणे पोरीचा हात भित्रा होता, मी थोरल्याला लिहिलं, म्हणून सुधारला. माझी जागासुद्धा त्यांनी खिशात घातली. मी म्हटलं, कमी पडतो तो तुमचा चेंडू, अप्पा. माझा कधीच पडला नाही. तुमचं दुखणं तुम्ही माझ्या नावावर दाखवलंत.

अप्पांनी पिशवी खांद्याला लावली आणि एकटेच घरी गेले. मी वाट वाकडी करून मागाहून आले.

तेव्हापासून स्वतःला विचारतेय, की जिंकले होते, मग हे घरी आल्यावर चार भिंतींत सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मला ते त्याच बाकासमोर सांगायचं होतं. हे चांगलं नाही, कळतं. तरी माफी मागणार नाही. आणि वय झालंय हे तू मला सांगू नकोस. त्यांच्या वयाशी रोज जेवते मी, तू नाही. माझ्या वतीने त्यांना काही लिहूही नकोस.

रागावलास तर रागाव, पण लिहीत राहा.
तुझी,
बारकी


९ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

बारकीने चारचौघांत माझी लाज काढली. मी रागावलो आहे आणि अजून काही दिवस रागावणार आहे. तिचे म्हणणे मात्र खोटे नाही.

वर्ष होत आले. चेंडूपाशी आलो की उजवा हात थिजतो. कप बशीवर वाजतो म्हणून बशी घेणे सोडले. या घरात कुणाच्या लक्षात आले नाही, किंवा आले असेल. तुला लिहायला बसलो तेव्हा स्वतःबद्दलच लिहिणार होतो. पहिल्या ओळीतच जमेना, तेव्हा बारकीला पुढे केले. बापाने करू नये असे केले. तुझा उपाय मीही चोरून करून पाहिला. चेंडू अलीकडेच राहतो.

आमचे बोलणे बंद आहे. काल मात्र टेबलावर तिने डॉक्टरची वेळ घेतल्याची चिठ्ठी ठेवली. खाली लिहिले होते, नाव तुमचेच घातले आहे.

जाणार आहे. ती बरोबर येते म्हणाली तर नको म्हणणार नाही.

कळावे, आणि तूही काही विचारायचे असेल तर मला विचार.
अप्पा